जायबंदी गडी लढाईत किती उरतो? (सिम्युलेशन गेममधल्या जखमा)

घुबड (धागाकर्ता)

मंडळी, गेली दीड वर्षं फावल्या वेळात मी एक खेळ बनवतोय. पाळीपाळीने खेळायचा, षट्कोनी घरांचा पट, प्रत्येक बाजूला सहा गडी, हातात तलवार, भाला किंवा धनुष्य. पहिल्या दिवसापासून एकच हट्ट होता, हेल्थ बार (गड्याच्या जिवाचे उरलेले गुण दाखवणारी पट्टी) नको. शंभरातले नव्व्याण्णव गुण गेले तरी गडी ताठ उभा राहून पूर्ण ताकदीने वार करतो आणि शेवटचा एक गेला की धाडकन कोसळतो, हे मला फार वर्षांपासून खुपतंय.

म्हणून शरीराचे नऊ भाग केले. मांडीला घाव बसला की चाल सहा घरांवरून तीनवर. हत्याराच्या हाताला लागलं की नेम निम्मा. डोक्याला लागलं की एक पाळी हुकते. रक्त वाहत असेल तर दर पाळीला दम कमी होतो.

मित्रांना खेळायला दिलं तर सगळ्यांची तक्रार एकच: ज्याचा पहिला वार लागला तो जिंकला. जखमी गडी आडोशाला पोचत नाही, पोचत नाही म्हणून आणखी मार खातो, मार खाल्ला म्हणून त्याचा वार चुकतो. तिसऱ्या पाळीला निकाल ठरलेला असतो आणि पुढच्या दहा पाळ्या नुसत्या उरकायच्या. खेळ बनवणारे लोक याला 'डेथ स्पायरल' म्हणतात, आपण मृत्युचक्र म्हणू.

खऱ्यासारख्या जखमा आणि शेवटपर्यंत चुरस, हे दोन्ही एकत्र नांदतं का? तुम्ही खेळलेल्या कुठल्या खेळात नांदलं? जखमा काढून टाका असं सांगू नका, त्याला मन तयार नाही.

पाचवा_गडी

हेल्थ बारची चीड माझीही जुनी. २००१ साली आलेल्या 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट'मध्ये पायाला गोळी लागली की गडी उठतच नसे. पुढचं सगळं सरपटत. हाताला लागली तर बंदूक अशी डुलायची की लांबच्या माणसावर नेम धरणं अशक्य. तरीही मला तिथे मृत्युचक्र जाणवलं नाही, कारण गवतात आडवा पडलेल्या, पाय गेलेल्या गड्याचीही एक नेमकी गोळी समोरच्याला संपवायला पुरेशी होती. धडधाकट शत्रू माझ्याकडे सरळ चालत येऊ शकत नसे.

तुझा जखमी गडी अजून कुणाला घाबरवू शकतो का, हे आधी तपास. तो निरुपद्रवी झाला असेल तर जखम म्हणजे मरणाला लावलेला उशीर.

गोम

+१. जखमी वाघ जास्त धोकादायक म्हणतात ते उगीच नाही.

निळी_शाई

थोडा विरोधी सूर लावतो. हेल्थ बारला आपण फार हिणवतो, पण तो आला कुठून ते बघा. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन खेळायच्या खेळात 'हिट पॉइंट' (जिवाचे गुण) आले, आणि त्याच्या कर्त्यांपैकी एक डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना घेतली होती जहाजांच्या लढायांच्या पटखेळांतून. जहाजाला ते शोभतंच. चार तोफगोळे खाऊनही जहाज तरंगतं, लढतं, मग एका क्षणी बुडतं. माणसाला ते लावलं तेव्हा ते गुण म्हणजे 'मांस' असं गृहीत धरायची गरजच नव्हती. दम, हुशारी, नशीब, शेवटच्या क्षणी अंग चोरणं, हे सगळं त्यात धरा. मग ज्या वाराने गुण संपतात तोच पहिला खरा घाव. आधीचे सगळे हुकलेले किंवा निसटते.

या नजरेने पाहिलं तर हेल्थ बार तुझ्या नऊ भागांपेक्षा वास्तवाच्या जवळ आहे. खऱ्या तलवारबाजीत माणूस सात वेळा नीट लागूनही लढत नाही ना?

बोथट_पातं

@निळी_शाई, शेवटच्या वाक्याबद्दल बोलायला हवं. मी सहा वर्षं जुन्या युरोपीय तलवारबाजीचा सराव करतो, बोथट पोलादी तलवार, जाळीचा मुखवटा, जाड कोट. आमच्या सामन्यांत 'आफ्टरब्लो' नावाचा नियम अनेक ठिकाणी असतो: तुम्ही स्वच्छ वार केलात तरी समोरच्याने लगेच उलटा वार लावला तर तुमचे गुण कापले जातात. हा नियम आहे कारण छातीत पातं घुसलेला माणूस त्याच क्षणी हात खाली टाकत नाही. त्याचा वार आधीच सुटलेला असतो. तलवारीच्या द्वंद्वात दोघेही मेल्याच्या हकिकती जुन्या काळापासून आहेत त्या याच कारणाने.

म्हणजे घुबडच्या खेळातली 'लागला की लगेच निम्मा' ही गोष्टच मला खटकते. काही घाव लगेच हत्यार काढून घेतात: मनगटाचे स्नायुबंध तुटले, बोटं गेली, कोपराचं हाड मोडलं तर मूठ बंदच होत नाही, मग इच्छाशक्ती कितीही असो. आणि काही घाव, त्यातले बरेच जीवघेणेसुद्धा, पहिल्या काही क्षणांत काहीच करत नाहीत.

खारूताई

हत्यार धरण्यावरून आठवलंच पाहिजे: 'ड्वार्फ फोर्ट्रेस'. ॲडम्स बंधूंचा हा खेळ २००६ पासून लोकांच्या हाती आहे आणि जखमांच्या बाबतीत त्याच्याइतका खोलात गेलेला दुसरा मी पाहिला नाही. कातडी, चरबी, स्नायू, हाड असे थर, आणि प्रत्येक वार कुठल्या थरापर्यंत गेला याचा हिशोब. शिवाय चेतातंतू दोन प्रकारचे, हालचालीचे आणि संवेदनेचे. हातातला हालचालीचा तंतू तुटला की ती मूठ हत्यार धरत नाही आणि तो तंतू पुन्हा जुळतही नाही.

माझ्या किल्ल्यात एक कुऱ्हाडवाला होता. कुऱ्हाडीचा हात गेला, ढालीचा शाबूत. मी त्याला सेवेतून काढलं नाही. तो ढालीनेच मारू लागला! दोन वर्षं त्याने दरवाजा राखला आणि ढालीने माणसं लोळवली. लढाईचा वृत्तान्त वाचताना अंगावर काटा यायचा. त्याचा 'नेम निम्मा' झाला असता तर मला त्याचं नावही आठवलं नसतं. हात गेला म्हणून तो वेगळ्या पद्धतीने लढला, ही गोष्ट मला आजही आठवते.

घुबड, तुझ्या खेळात उजवा हात गेला तर गडी हत्यार डाव्या हातात घेऊ शकतो का? हत्यार टाकून मिठी मारू शकतो का?

गोम

माझ्या नावाची म्हण आहे, गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही. ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये ती शब्दशः खरी आहे, ज्याला पाय जास्त त्याला एक गेल्याची फिकीर कमी. घुबड, पटावर राक्षसी किडे आणणार असशील तर आमचा विचार कर. :)

घुबड

@खारूताई, नाही, सध्या फक्त आकडा कमी होतो. ढालीवाल्याचा प्रसंग वाचून मी वही उघडली आहे.

@बोथट_पातं, काही क्षण काहीच होत नाही म्हणजे नेमके किती? कुणी वैद्यकीय माणूस आहे का इथे?

सांजवात

आहे. तातडीच्या विभागात अकरा वर्षं काम करते. खेळ फारसे खेळत नाही, मुलगा खेळतो आणि मी मागून चुका काढते. पण प्रश्न मनापासून आवडला, म्हणून सविस्तर लिहिते.

घुबड, आधी एक सांग, तुझी एक पाळी म्हणजे किती वेळ? याच्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं १५ टक्के, म्हणजे पाऊण लिटरपर्यंत गेलं तर धडधाकट माणसात बाहेरून फारसं काही दिसत नाही. १५ ते ३० टक्क्यांत नाडी जलद होते, हातपाय गार पडू लागतात, माणूस अस्वस्थ होतो, पण झोपलेल्या माणसाचा वरचा रक्तदाब अजून बऱ्यापैकी टिकून असतो. शरीर कातडीकडचं, आतड्यांकडचं रक्त आवळून घेतं आणि हृदय-मेंदूला पुरवतं. ३० टक्क्यांच्या पुढे मात्र हे सांभाळणं सुटतं. दाब कोसळतो, माणूस बरळतो, मग ग्लानी. ४० च्या पुढे जीव जायच्या बेतात.

हा उतार सरळ नाही, हे लक्षात घे. बराच वेळ सपाट, मग एकदम कडा. तुझा 'दर पाळीला दम थोडा कमी' हा सरळ उतार आहे आणि तो खऱ्या माणसात नसतो. मला कामात सगळ्यात भीती वाटते ती शुद्धीत असलेल्या, बोलणाऱ्या, 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्या तरुण रुग्णाची. तरुण शरीर फार वेळ सावरून धरतं आणि मग सावरायला काही उरत नाही.

वेळेचं म्हणशील तर मांडीची मोठी रोहिणी (धमनी) पूर्ण तुटली तर काही मिनिटांत माणूस जातो. हृदय थांबलं तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर दहा-पंधरा सेकंद शुद्ध राहू शकते. बोथट_पातं म्हणतात तो उलटा वार याच सेकंदांतला.

आणि वेदना. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने आघाडीवरच्या गंभीर जखमी सैनिकांची पाहणी केली, १९४६ साली ती प्रसिद्ध झाली. सुमारे तीन चतुर्थांश जखमींना वेदनाशामक द्या असं म्हणण्याइतकी वेदना होत नव्हती, आणि त्यातल्या अनेकांना कित्येक तासांत मॉर्फिन मिळालेलं नव्हतं. लढाईच्या भरात वेदना हा फार बेभरवशाचा आकडा आहे. तिच्यावर लगेच दंड लावू नकोस.

घुबड

ताई, पाळी म्हणजे साधारण पाच-सहा सेकंद. लढाई बारा ते पंधरा पाळ्यांची.

...म्हणजे अख्खी लढाई दीड मिनिटाची.

सांजवात

मग मोठी रोहिणी सोडली तर रक्तस्रावाने त्या दीड मिनिटात कुणी दुबळं होणार नाही. रक्तस्राव हा लढाईनंतरचा प्रश्न आहे.

निळी_शाई

सांजवातताई, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. पण माझी शंका उलटी होते आता. वेदना धरायची नाही, रक्त धरायचं नाही, तर मग उरलं काय? पुन्हा हेल्थ बारच ना? मोडलेली हाडं आणि तुटलेले स्नायुबंध एवढ्यासाठी नऊ भाग?

पाचवा_गडी

उरतं ते मन. मी 'आर्मा ३' हा सैनिकी खेळ बरीच वर्षं खेळतोय, त्यावर एसीई नावाचा मॉड (खेळाडूंनीच बनवलेली भर) घालून. त्याची वैद्यकीय व्यवस्था नवख्याला छळ वाटते. नाडी, रक्तदाब, पट्ट्यांचे चार-पाच प्रकार, पट्टी बांधलेली जखम टाके घालेपर्यंत पुन्हा उघडू शकते. मॉर्फिन दिलं की वेदना कमी पण नाडी खाली येते, रक्त गेलेल्याला देऊन बसलात तर तोच गडी तुमच्या हातात बेशुद्ध. हातावर टूर्निके (रक्त थांबवायची आवळपट्टी) आवळून त्याच हाताला सलाइन लावलं तर थेंब आत जात नाही. हे मी स्वतः केलंय आणि पाच मिनिटं सलाइन संपत का नाही म्हणून बघत बसलोय.

पण सगळ्यात मोठा परिणाम जखमी गड्यावर होतच नाही, तो त्याच्या सोबत्यांवर होतो. एक पडला की एक जण त्याला ओढायला जातो, दुसरा त्यांना आडोसा द्यायला गोळीबार करतो, तिसरा औषधाची पिशवी घेऊन धावतो. आठ जणांची तुकडी एका गोळीत चारांची होते. कुणाच्याच नेमावर दंड लागलेला नसतो! पडलेला माणूस पडलेला आहे आणि आपण त्याला सोडणार नाही, एवढंच.

अर्धविराम

पाचवा_गडी यांनी मर्म पकडलं. मी 'रिमवर्ल्ड'वाला (१.० आवृत्ती २०१८ ची, खेळतोय त्याच्या आधीपासून). तिथे वेदना एका मर्यादेपलीकडे, साधारण ८० टक्क्यांवर गेली की माणूस कोसळतो. वेदनेने शुद्ध कमी होते आणि शुद्ध कमी झाली की चालणं, हातांचं काम, बोलणं सगळंच खाली येतं. म्हणजे मृत्युचक्र तिथेही आहे. पण वसाहतीचा खेळ असल्याने लढाई हा गोष्टीचा एक तुकडा. खरी लढाई नंतर, जखम चिघळते तेव्हा. संसर्ग वाढतोय आणि रोगप्रतिकारशक्तीही वाढतेय, दोन आकड्यांची शर्यत, आणि मलमपट्टी किती चांगली झाली त्यावर संसर्गाचा वेग. मी रात्री उशिरापर्यंत ९१ विरुद्ध ८८ असले आकडे श्वास रोखून पाहिलेत. पाय कापला तर माणूस वाचेल, पण तो माझा सगळ्यात चांगला शिकारी. कापू की थांबू?

एक गोष्ट मात्र खटकते. आपली माणसं कोसळली तरी बहुधा जिवंत सापडतात. हल्लेखोर कोसळताच मरण्याची शक्यता खेळाने वेगळी ठेवली आहे, नाहीतर प्रत्येक हल्ल्यानंतर कैद्यांची रांग लागेल. कारण समजतं, पण एकदा कळल्यावर लढाईचा रंग थोडा उडतो. जखमेचे नियम दोन्ही बाजूंना सारखे हवेत.

रानवारा

'केन्शी'चं नाव अजून कसं नाही आलं? २०१८ साली पूर्ण झालेला खेळ. तिथे हरणं म्हणजे संपणं नाही. पाय गेला तर सरपटत गावाकडे निघायचं, हात तुटला तर पुढे पैसे जमवून यांत्रिक हात बसवायचा. मार खाल्ला की चिवटपणा वाढतो, आणि शत्रू जवळ असताना पडलेला माणूस पुन्हा उठला तरी वाढतो. शत्रू निघून जाईपर्यंत मेल्याचं सोंग घेऊन पडून राहता येतं. माझ्या पहिल्या गड्याचे दोन्ही पाय निकामी झाले तेव्हा मी त्याला रात्रभर वाळवंटात सरपटवत नेलं. त्या रात्रीचं वाळवंट मला अजून दिसतं.

घुबड, तुझा खेळ एका लढाईचा आहे की मोहिमेचा?

घुबड

मोहिमेचा. नऊ लढाया, तेच सहा गडी. पण लढाई संपली की मी सगळ्यांना बरं करून टाकतो. :(

रानवारा

इथेच पाणी मुरतंय!

सांजवात

मांडीचं हाड जुळायला तीन ते सहा महिने, हाताचं साधं मोडलेलं हाड सहा-आठ आठवडे. तू त्यांना एका रात्रीत उभं करतोस आणि दुसरीकडे सहा सेकंदांत दुबळं करतोस. दोन्हीकडे घड्याळ उलटं लावलंयस बाळा.

तिठा

'टार्कोव्ह' या बंदुकांच्या खेळाबद्दल काय मत आहे इथल्या लोकांचं? शरीराचे सात भाग, मिळून ४४० गुण, डोकं ३५ आणि छाती ८५, या दोनपैकी एक शून्यावर गेलं की खेळ खलास. पाय निकामी झाला तर लंगडत चालायचं, वेदनाशामक घेतलं तर पळता येतं, पण पळाल्याने नुकसान वाढतं. मला हा सौदा फार आवडतो. औषधाची गोळी घेऊन आत्ता पळ आणि किंमत नंतर मोज.

निळी_शाई

तिठा, सौदा हा शब्द चांगला काढलात. मी वर भांडत होतो ती गोष्ट थोडी सुटली आता. मला आकडा कमी होण्याचा राग नाहीये, माझ्या हातात काही न उरण्याचा आहे. चाल तीन घरं झाली तर मी तीन घरं चालतो, त्यात निवड कुठली? पण 'सहा घरं पळ, मात्र हाड सरकेल आणि पुढची मोहीम हुकेल' हे मला विचारलं तर मी पाच मिनिटं डोकं धरून बसेन. नऊ भागांबद्दलचा आक्षेप मागे घेतो. निवड दिली तर भाग हवेतच, कारण पायाचा सौदा वेगळा, हाताचा वेगळा.

बोथट_पातं

अवांतर नाही, पण थोडं बाजूचं. १९९७ चा 'बुशिडो ब्लेड' कुणी खेळलाय? समोरासमोर द्वंद्व, हेल्थ बार नाही, वेळेची मर्यादा नाही. नीट लागलेला एक वार मारतो. पायाला लागलं तर गुडघ्यावर बसून लढायचं. मी आणि माझा भाऊ दोघेही गुडघ्यावर, चार मिनिटं एकमेकांकडे बघत, कुणी पुढे सरकायला तयार नाही. खरा सराव सुरू केल्यावर कळलं की ते बघत बसणंच खरं होतं. जखमेची भीती असेल तर माणूस अंतर राखतो. घुबडचे मित्र पहिला वार मिळवायला धावत सुटत असतील तर बहुधा पुढे धावण्यात धोकाच नाहीये. उलटा वार घाल. ज्याला घाव बसला त्याचा चालू असलेला वार पूर्ण होऊ दे. मग पहिला वार करणाराही दोनदा विचार करेल.

अर्धविराम

आणि शत्रूला पळता येऊ दे! माझं कळकळीचं मागणं आहे. बहुतेक खेळांत सगळ्यात अवास्तव गोष्ट जखमेची नसते, शेवटचा लंगडा शत्रूही मरेपर्यंत लढतो ही असते. 'बॅटल ब्रदर्स' (२०१७) बघा. घाव बसला, सोबती पडला की मनोधैर्याची परीक्षा, डळमळीत, मग मोडकळीला आलेला, मग पळ. तिथेही एका बाजूची घसरण होते, पण ती पळापळीत संपते, दहा पाळ्यांच्या कत्तलीत नाही. शिवाय पडलेला आपला माणूस कधीकधी वाचतो, एक डोळा किंवा गुडघा कायमचा गमावून, आणि तुम्ही त्याला पुढे ठेवायचं की निरोप द्यायचा हे ठरवता.

मृत्युचक्र वाईट वाटतं ते निकाल लागूनही खेळ संपत नाही म्हणून. निकालाबरोबर लढाई संपली तर त्याला आपण पराभव म्हणतो, आणि त्यात गैर काही नाही.

गोम

अर्धविराम यांचा हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवावा.

तिठा

एक भाषेचा प्रश्न. मराठीत 'डाउन' झालेल्या गड्याला काय म्हणाल? मेलेला नाही, बेशुद्धच असेल असंही नाही, पण लढाईतून बाद.

खारूताई

जायबंदी. शब्द तयार आहे.

पाचवा_गडी

जायबंदी तर लंगडणाऱ्यालाही म्हणतात. आम्ही खेळताना 'आडवा' म्हणतो. 'दोन आडवे, एक लंगडा.' लगेच कळतं.

घुबड

तीन आठवडे गायब होतो, कारण सगळं पुन्हा लिहिलं. धागा वर काढतोय.

लढाईच्या दीड मिनिटात आता रक्ताने काहीही कमी होत नाही, मांडी, काख आणि मान सोडून. तिथे लागलं तर सहा पाळ्या गडी पूर्ण ताकदीने लढतो आणि मग कोसळतो, आणि त्याच्या डोक्यावर कुठलाही आकडा दिसत नाही. फक्त चौथ्या पाळीला त्याचं चित्र किंचित फिकट होतं. (ताई, तुमचा 'मला काही झालं नाही' म्हणणारा रुग्ण मनातून गेला नाही.) हाड आणि स्नायुबंधाचे घाव लगेच लागू होतात, पण आकडा घटवत नाहीत, एक कृती काढून घेतात आणि दुसरी देतात. मूठ गेली तर ढालीचा धक्का, दुसऱ्या हातात सुरा, किंवा मिठी. पाय गेला तरी सहा घरं पळता येतं, निळी_शाई म्हणतात त्या किमतीला. उलटा वार घातला. शत्रू पळतो.

परवा माझी बहीण खेळली. पाचव्या पाळीला तिचे दोन गडी आडवे, एक लंगडा. जुन्या नियमांत ती उरलेल्या पाळ्या उरकत बसली असती. ती म्हणाली, "मला जिंकायचं नाहीये, या दोघांना बाहेर कसं काढू?" लंगड्याला वाटेत गुडघ्यावर भाला रोवून बसवलं, उरलेल्या तिघांतल्या दोघांनी एकेकाला ओढलं, तिसरा मागे राहिला. शत्रूला भाल्याजवळ यायचं धाडस होईना. चौघे पटाबाहेर पडले. लंगडा आणि मागे राहिलेला परतले नाहीत. ती बराच वेळ बोलली नाही आणि मग विचारलं, "पुढच्या लढाईला चारच का माझ्याकडे?" चारही नव्हते खरं तर. वाचवलेल्या दोघांतल्या एकाची मांडी मोडली आहे, मोहीम संपेपर्यंत तो उठणार नाही.

एक गोष्ट अडली आहे. ओढून बाहेर आणलेला गडी नंतर वाचणार की नाही हे मी फासे टाकून ठरवतो आणि ते फार पोकळ वाटतं. खेळाडूच्या हातात तिथे काय द्यावं?

सांजवात

बहिणीला सांग, तिने अगदी बरोबर केलं.

हातात तीन गोष्टी दे: दाब, वेळ आणि ऊब. वाहत्या जखमेवर हाताने दाबून धरणं, त्यात एक गडी अडकतो. हातापायाला आवळपट्टी, जखमेच्या चार बोटं वर, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवणं. दोन तासांच्या आत पुढचा उपचार मिळाला तर तो अवयव सहसा वाचतो. आणि ऊब लोक विसरतात. रक्त गेलेला माणूस गार पडतो, गार पडला की रक्त नीट गोठत नाही, गोठलं नाही की आणखी वाहतं, त्यात रक्तातली आम्लता वाढते. हे खरं मृत्युचक्र, आमच्या विभागात रोज त्याच्याशी गाठ असते, आणि ते तोडायला सुरुवात कोरड्या कपड्याने आणि घोंगडीने होते. तुझ्या खेळात गडी घोंगडी घेऊन निघतात का?

घुबड

नाही. आता निघतील.

निळी_शाई

वजन किती धरणार तिचं? घोंगडी घेतली तर दहा बाण कमी, असं असेल तर मी पहिल्या लढाईला बाणच घेईन.

खारूताई

आणि दुसरीला?